डबल बेससाठी ॲम्प घेण्याआधी

डबल बेस वाजवणाऱ्याला पहिल्या काही कार्यक्रमांतच कळून चुकतं की माणसापेक्षा उंच असलेलं हे वाद्य बँडमध्ये सगळ्यात आधी हरवतं. ड्रमरने काठ्या ठेवून ब्रश घेतले तरी कॅफेतली माणसं गप्पांना बसली की बेसचा आवाज पहिल्या टेबलापलीकडे पोहोचत नाही. मग तो मित्रांना विचारतो, "किती वॅटचा ॲम्प घेऊ?" हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे आणि माझं उत्तर ठरलेलं आहे. ॲम्प सगळ्यात शेवटी घ्या. तार, ब्रिज, पिकअप, प्रीॲम्प, ॲम्प, स्पीकर अशी ही साखळी आहे, आणि हातात पैसे कमी असतील तर ते तारेच्या टोकाकडून खर्च करत यावं. आधी मोठा ॲम्प आणून त्याला कसाबसा पिकअप जोडला, तर वाईट आवाज तेवढा मोठा होतो.

हा लेख मुंबई, पुणे, गोव्यात लहान चमूंसोबत वाजवणाऱ्यांसाठी आहे: कॅफे, क्लब, लग्नाचं रिसेप्शन, चर्चचं सभागृह, कॉलेजचा मंच. सिम्फनी ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्याला ॲम्प लागत नाही. तिथे एकाच सुरात वाजणारे अनेक बेस असतात आणि सभागृह त्यासाठीच बांधलेलं असतं.

आधी आवाज कमी का पडतो ते पाहू, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावर उभे आहेत. डबल बेसच्या चार खुल्या तारा ई, ए, डी, जी. त्यांच्या कंपनसंख्या अनुक्रमे साधारण ४१, ५५, ७३ आणि ९८ हर्ट्झ. ४१ हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी सव्वाआठ मीटरच्या आसपास भरते. एवढी लांब लहर जोरात हवेत ढकलायला बेसची पेटीसुद्धा लहान पडते, त्यामुळे सगळ्यात खालच्या सुरांमध्ये मूळ कंपन दुबळं असतं आणि त्याच्या वरचे स्वरांश जास्त ठळक असतात. आपला कान त्या वरच्या स्वरांशांवरून खालचा सूर ओळखून घेतो. याचा व्यवहारातला अर्थ मोलाचा आहे: चांगला आवाज मिळण्यासाठी तुमच्या स्पीकरने ४१ हर्ट्झ जमीन हादरवून वाजवायला हवेत असं मुळीच नाही. ८० ते ४०० हर्ट्झच्या पट्ट्यात तो स्वच्छ बोलला तर लहान जागेत काम होतं.

मंचावर बेसचा आवाज वाढवण्याची धडपड जुनी आहे. अमेरिकेत एव्हरेट हल या बेसवादकाने स्टॅन्ली मायकेल यांच्यासोबत १९४६ साली कंपनी काढली, ती बेसच्या खालच्या टेकूच्या दांड्यावर, पेटीच्या आत बसवलेल्या मायक्रोफोनसाठी. हीच पुढे ॲम्पेग झाली. तिचा १९६० चा बी-१५ हा १५ इंची एकाच स्पीकरचा ॲम्प सुरुवातीला २५ वॅटचा होता, आणि त्या वॅटेजवर नावाजलेले वादक क्लबात वाजवत होते. पुढच्या काळात आतड्याच्या तारांऐवजी पोलादी तारा रूढ झाल्या. त्यामुळे तार फिंगरबोर्डच्या जवळ आणता आली आणि सूर लांबू लागला, पण वाद्याचा अंगभूत ठोका कमी झाला आणि ॲम्पवरचं अवलंबन वाढलं. आपल्याकडे मुंबईच्या हॉटेलांतल्या डान्स बँडमधून आणि हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणांतून गोव्याच्या वादकांनी पाश्चात्त्य वाद्यं रुजवली. स्टुडिओत समोर मायक्रोफोन असे आणि बाकीचे वादक गप्प बसवता येत. मंचावर यांपैकी काहीच आपल्या हातात नसतं.

आधी वाद्य नीट करा

ही पायरी लोक टाळतात, कारण इथे दाखवायला नवीन डबा मिळत नाही. पण पिकअप जे ऐकतो तेच पुढे जातं. ब्रिजचे पाय वरच्या फळीला पूर्ण टेकलेले नसतील, ध्वनिखांब जागेवरून सरकला असेल, एखादी तार नटमध्ये अडकत असेल, तर हजारो रुपयांच्या प्रीॲम्पने काही सुधारत नाही.

तारेची उंची हा इथला मुख्य मुद्दा. बोटांनी, जॅझच्या ढंगाने वाजवणाऱ्यांकडे फिंगरबोर्डच्या टोकाशी जी तारेची उंची साधारण ५-६ मिलिमीटर आणि ई तारेची ८ च्या आसपास असते. फार खाली आणली तर तार फिंगरबोर्डवर आपटून खडखडते आणि पिकअप ती खडखड इमानाने मोठी करतो. फार वर ठेवली तर डावा हात थकतो. कोकण, मुंबई आणि गोव्यात पावसाळ्यात लाकूड ओलावा पिऊन फुगतं, वरची फळी उचलली जाते आणि उन्हाळ्यात बरोबर वाटणारी उंची जुलैमध्ये जड वाटू लागते. म्हणून ब्रिजच्या पायांत फिरवता येणाऱ्या चकत्या, म्हणजे ॲडजस्टर, बसवून घ्या. हे काम ब्रिज कापण्याचं आहे. व्हायोलिन-चेलोची दुरुस्ती जाणणाऱ्या कारागिराकडूनच करून घ्या. आपल्याकडे असे कारागीर मोजके आहेत, पण थांबावं लागलं तरी थांबा. सुताराकडे जाऊ नका.

वाद्यच अजून घ्यायचं असेल तर प्लायवूडचा, म्हणजे थरांच्या लाकडाचा बेस कमी दर्जाचा समजू नका. मायक्रोफोनशिवाय वाजवताना अखंड कोरीव फळीचा बेस सुंदर बोलतो हे खरं. पण ॲम्पसोबत प्लायवूडची फळी कमी थरथरते, म्हणून कमी घुमते. शिवाय दमट हवेत ती तडकण्याची भीती कमी आणि किंमतही कमी. ज्याला मुख्यतः ॲम्पवरच वाजवायचं आहे त्याने प्लायवूडचा बेस घेऊन वाचलेले पैसे ब्रिज, तारा आणि पिकअपवर लावावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

पिकअप

बाजारातले बहुतेक पिकअप पिझो जातीचे असतात. दाब बदलला की वीज निर्माण करणारा लहान तुकडा ब्रिजच्या कुठल्या तरी भागात बसवलेला असतो, आणि तो कुठे बसतो यावर आवाजाचा स्वभाव ठरतो. ब्रिजच्या बाजूच्या पंखांच्या फटीत बसणारे पिकअप, उदाहरणार्थ के अँड के बेस मॅक्स किंवा अंडरवूड, बोटांचा ठोका चांगला पकडतात आणि लावायला सोपे असतात. फट मोठी असेल तर ते सैल पडतात आणि बास गायब होतो. जबरदस्तीने कोंबले तर पंख ताणला जातो. फटीत पातळ लाकडी चीप घालून बेताचा दाब साधावा लागतो. फिशमनचा फुल सर्कल ॲडजस्टरच्याच जागी बसतो. कारागीर तुमच्या ब्रिजला ॲडजस्टर लावणारच असेल तर त्याच वेळी हा बसवून घेणं शहाणपणाचं, कारण मजुरी एकदाच द्यावी लागते. हा मधल्या वाटेचा, भरवशाचा पिकअप आहे. चकती थोडी फिरवून तारांचा आपसातला तोल बदलता येतो, हा त्याचा एक गुण फारसा कोणी सांगत नाही. डेव्हिड गेजचा रिअलिस्ट ब्रिजच्या पायाखाली बसतो. त्याचा आवाज जाड, लाकडी, आणि गजाने वाजवल्यावर इतर पिझोंपेक्षा कमी बोचरा. पण मोठ्या आवाजात तो लवकर घुमतो. या वर्गातल्या पिकअपच्या किमती परदेशात साधारण १५० ते २५० डॉलरच्या घरात असतात. इथे आणताना आयात शुल्क आणि पाठवणीचा खर्च वेगळा धरा.

चुंबकीय पिकअप ही दुसरी जात. फिंगरबोर्डच्या टोकाशी बसणारा हा पिकअप फक्त पोलादी तारांवर चालतो. तो लाकूड ऐकत नाही, तार ऐकतो, म्हणून जोरकस बँडमध्येही घुमत नाही. आवाज मात्र बेस गिटारकडे झुकतो. रॉकाबिली किंवा खूप मोठ्या आवाजाचा बँड असेल तर विचार करा. लहान जॅझ चमूसाठी मी तो आधी सुचवणार नाही.

मायक्रोफोनचा आवाज सगळ्यात खरा. शांत बैठकीत, दोन-तीन वाद्यांच्या मैफलीत, ड्रम नसताना तो जरूर वापरा. कमी खर्चाची एक जुनी युक्ती चांगली चालते: शुअर एसएम ५७ सारखा साधा डायनॅमिक मायक्रोफोन फोममध्ये गुंडाळून ब्रिजच्या मागे, टेलपीसखालच्या जागेत घट्ट बसवायचा. हा मायक्रोफोन बहुतेक साउंडवाल्यांकडे असतोच. ड्रम आले की मात्र तो ड्रमही तितकेच ऐकतो. अशा वेळी पिकअप आपल्या ॲम्पला आणि मायक्रोफोन फक्त प्रेक्षकांच्या स्पीकरना, मॉनिटरला मुळीच नाही, अशी विभागणी करून पाहा.

अगदीच पैसे नसतील तर २७ मिलिमीटरची पितळी पिझो चकती घ्या. घड्याळाच्या किंवा खेळण्याच्या बझरमध्ये असते तीच. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत काही रुपयांत मिळते. तिला झाळ लावून, मागून तांब्याच्या पट्टीने किंवा फॉइलने कवच घालून, ढाल असलेली पातळ तार जोडून ब्रिजच्या पंखावर दुहेरी टेपने चिकटवली की आवाज येतो. कवच न घातल्यास ट्यूबलाइटची घरघरही येते. आवाज थोडा कर्कश असतो, पण सरावाला, घरच्या ध्वनिमुद्रणाला आणि पिकअप कुठे लावल्यावर काय बदलतं हे शिकायला यासारखा स्वस्त शिक्षक नाही. कार्यक्रमाला मुख्य पिकअप म्हणून तिच्यावर विसंबू नका. टेप सुटते, झाळ तुटते.

जिथे बहुतेकांचा आवाज मारला जातो

पिझोचा आवाज पातळ, प्लॅस्टिकसारखा, नुसता टकटक करणारा येतो अशी तक्रार नेहमी ऐकू येते. बऱ्याचदा दोष पिकअपचा नसतो. त्याच्यापुढे जोडलेल्या उपकरणाचा इनपुट इम्पीडन्स, म्हणजे इनपुटचा रोध, कमी असतो.

पिझो विजेच्या भाषेत कपॅसिटरसारखा वागतो, आणि पुढच्या इनपुटच्या रोधाशी मिळून तो बास कापणारा फिल्टर तयार करतो. हिशेब करून पाहू. एक नॅनोफॅरड कपॅसिटन्सचा पिकअप एक मेगाओमच्या इनपुटला जोडला तर साधारण १६० हर्ट्झच्या खालचं सगळं उतरू लागतं. म्हणजे चारही खुल्या तारांचे मूळ सूर गळतीत. तोच पिकअप दहा मेगाओमच्या इनपुटला जोडला तर ही सीमा १६ हर्ट्झवर जाते आणि पूर्ण बेस मिळतो. बेस गिटारच्या ॲम्पचा इनपुट बहुधा एक मेगाओमच्या आसपास असतो. पॅसिव्ह डीआय बॉक्सचा, म्हणजे वाद्याचा सिग्नल मिक्सरला जोडणाऱ्या डब्याचा, एक-दीड लाख ओमच असतो, तिथे सीमा हजार हर्ट्झच्या वर जाते. आणि मिक्सरच्या लाइन इनपुटला, जो १०-२० हजार ओमचा असतो, थेट जॅक खुपसला तर बोटांची खरखर सोडून काही उरत नाही. मोठ्या चकतीच्या पिझोची कपॅसिटन्स कितीतरी जास्त, वीस नॅनोफॅरडच्या आसपास असते, म्हणून ती बेस ॲम्पला थेट लावली तरी चालते. म्हणजे तुमचा पिकअप कोणता त्यावर हे ठरतं. माहितीपत्रकात आधी इनपुट इम्पीडन्सचा आकडा शोधा, वॅट नंतर.

उपाय म्हणजे पिझोसाठी बनवलेला प्रीॲम्प. एल. आर. बॅग्जचा पॅरा डीआय दहा मेगाओमचा आहे, त्यात नॉच, म्हणजे एकच सूर दाबणारा फिल्टर, आहे, फेज उलटवण्याचं बटण आहे, मिक्सरला द्यायला एक्सएलआर आउट आहे, आणि ९ व्होल्टच्या बॅटरीवर किंवा मिक्सरच्या ४८ व्होल्ट फँटमवर चालतो. फिशमनचा प्लॅटिनम प्रो याच कामाचा. एफडेकचा एचपीएफ-प्री हा डबल बेसवाल्यांसाठीच बनवलेला छोटा डबा. तो दहा मेगाओमचा आहेच, शिवाय त्यात पुढे सांगणार आहे तो फिल्टर आहे. विकत घेणं परवडत नसेल आणि हातात सोल्डरिंगची सवय असेल तर टीएल०७२ सारख्या साध्या आयसीवर दहा मेगाओमचा बफर घरी बनवता येतो. सुटे भाग पत्र्याच्या डबीसकट काही शंभर रुपयांत होतात. डबी पत्र्याचीच हवी, प्लॅस्टिकची नको. इतक्या उंच इम्पीडन्सला आसपासची सगळी घरघर चिकटते.

प्रीॲम्प वाद्याच्या जवळ ठेवा, पट्ट्याला किंवा टेलपीसजवळ. पिकअप ते प्रीॲम्प केबल जितकी आखूड तितका सिग्नल जोरकस. प्रीॲम्पनंतर ती कितीही लांब असो, बिघडत नाही.

खालचं कापा

नवशिक्या बेसवाल्याला सांगून पटत नाही असा हा भाग आहे. बेसचा आवाज सुधारायचा असेल तर सगळ्यात खालचा बास कापा. हाय-पास फिल्टर नावाचं हे यंत्र ठरावीक कंपनसंख्येच्या खालचं अडवतं आणि वरचं सोडतं.

कारण स्पीकरच्या कागदात आहे. तेवढाच मोठा आवाज एक सप्तक खाली काढायचा तर स्पीकरच्या कोनला चौपट अंतर पुढे-मागे जावं लागतं. पिझो तुमच्या हाताचा पेटीवर लागलेला धक्का, पायाची मंचावरची थाप, फळीची थरथर, हे सगळं २०-३० हर्ट्झच्या पट्ट्यात घेऊन येतो. ते ऐकू येत नाही, पण ॲम्पची ताकद आणि कोनची हालचाल त्यातच संपते. म्हणून चाळीस वॅटचा ॲम्प गुदमरतो आणि त्याचा मालक शंभर वॅटचा घ्यायला निघतो. फिल्टर लावला की तोच चाळीस वॅटचा ॲम्प मोकळा श्वास घेतो.

दुसरं कारण घुमण्याचं. डबल बेसच्या पेटीतली हवा ६० हर्ट्झच्या आसपास अनुनादते, म्हणजे खुल्या ए तारेच्या शेजारी. स्पीकरचा आवाज पेटीला हलवतो, पेटी पिकअपला हलवते, पिकअप पुन्हा स्पीकरला. मायक्रोफोन शिट्टी मारतो तशी शिट्टी इथे नसते. हुंकारासारखा वाढत जाणारा एक सूर असतो आणि तो एकदा सुरू झाला की बँड थांबवावा लागतो.

फिल्टर लावायची रीत सोपी. बँडसोबत वाजवत असताना बटण वर वर न्या. आवाज पातळ वाटू लागला की किंचित मागे आणा. लहान खोलीत ते साधारण ५०-६० वर थांबतं, घुमणाऱ्या सभागृहात ८० पर्यंतही जातं. एकट्याने वाजवून लावलेली जागा बँडमध्ये हमखास चुकते, कारण एकट्याने वाजवताना सगळ्यांनाच जास्त बास हवासा वाटतो. तरीही घुमत असेल तर फेजचं बटण उलटवून पाहा. काही जागी एवढ्यानेच हुंकार बंद होतो, काही जागी वाढतो, त्यामुळे प्रत्येक मंचावर दोन्ही बाजू तपासायच्या. मग नॉचने तो एकच सूर शोधून दाबा. एफ आकाराच्या छिद्रांत फोमचे तुकडे बसवणं हा शेवटचा, पण फुकट उपाय.

आता ॲम्प

इथवर आलात तर ॲम्पचा प्रश्न बराच लहान झालेला असतो. वॅट दुप्पट केले की आवाज फक्त तीन डेसिबल वाढतो, आणि कानाला दुप्पट मोठा वाटायला सुमारे दहापट वॅट लागतात. म्हणून ४० आणि ६० वॅटमध्ये मंचावर कळण्यासारखा फरक नाही. स्पीकर किती कार्यक्षम आहे हे तितकंच महत्त्वाचं: ९६ डेसिबल संवेदनशीलतेच्या स्पीकरमधून ५० वॅट म्हणजे ९३ च्या स्पीकरमधून १०० वॅट. माहितीपत्रकातल्या मोठ्या अक्षरांतल्या 'पीक' वॅटकडे लक्ष देऊ नका. 'आरएमएस' किंवा सलग वॅट पाहा.

ड्रम ब्रशवर, एक गिटार, एक गायिका असा कॅफेतला चमू असेल तर ४० वॅट आणि १० इंची स्पीकर पुरतो. काठ्यांनी वाजवणारा ड्रमर किंवा सॅक्सोफोन असेल तर शंभरच्या आसपास आणि १२ इंची. फेंडरचा रम्बल ४० आणि रम्बल १०० हे दोन्ही या वर्गात माझ्या पहिल्या शिफारशीचे आहेत. आपल्याकडे सहज मिळतात, अनुक्रमे ८ आणि १० किलोच्या आसपास वजन, आणि मागे मिक्सरला द्यायला एक्सएलआर लाइन आउट. रम्बल २५ स्वस्त आहे, पण त्यात तो लाइन आउट नाही आणि स्पीकर ८ इंची, म्हणून तो घरच्या सरावालाच ठीक. गॅलियन-क्रुगरचा जुना एमबी १५० सेकंडहँड मिळाला तर डोळे मिटून ऐकायला जा. आता तो बनत नाही, पण कित्येक वर्षं जॅझवाल्यांचा लाडका राहिला आहे. फिल जोन्सचे चार-पाच इंची स्पीकरांचे लहान ॲम्प आकाराच्या मानाने फार स्वच्छ बोलतात. एईआर आणि ॲकूस्टिक इमेज उत्तम, पण या लेखाच्या खिशाबाहेरचे.

वजनाचा विचार किमतीइतकाच गंभीरपणे करा. बेस एकट्याने उचलूनच माणूस अर्धा होतो. त्यात वीस किलोचा ॲम्प असेल तर लिफ्ट नसलेल्या इमारतीतला कार्यक्रम तुम्ही नाकारायला लागाल. हलके क्लास डी ॲम्प आता स्वस्तही झाले आहेत.

एक पर्याय आपल्याकडे दुर्लक्षित राहतो: १० किंवा १२ इंची पॉवर्ड पीए स्पीकर. तो बेस ॲम्पसारखा आवाज रंगवत नाही, प्रीॲम्पमधून जे येतं तेच बोलतो. डबल बेसला हे मानवतं. आधी पिझोचा प्रीॲम्प असेल तरच हा रस्ता धरा, आणि ट्वीटरची पातळी खाली करता येते का ते पाहा, नाहीतर प्रत्येक ठोक्याची टकटक कानात बसेल. उद्या गायकासाठीही तोच स्पीकर वापरता येतो. दोन-तीन जणांच्या कायमच्या चमूने वर्गणी काढून असा एक घेतला तर ती मला चांगली खरेदी वाटते.

सेकंडहँड घेताना तुमचा स्वतःचा बेस घेऊन जा. गिटार लावून ऐकलेला ॲम्प काहीच सांगत नाही. खुली ई तार हळूहळू मोठी करत जा आणि स्पीकर फडफडतो का, कॅबिनेट खडखडतं का ऐका. बटणं फिरवताना करकर होत असेल तर ती साफ करता येते. कोन फाटला असेल तर भाव पाडा किंवा परत या.

मंचावर

ॲम्प खुर्चीवर किंवा स्टँडवर, कानाच्या उंचीकडे तोंड करून ठेवा. जमिनीवर ठेवलेला ॲम्प तुमच्या गुडघ्यांना ऐकवतो आणि तुम्हाला कमी ऐकू येतं म्हणून तुम्ही तो वाढवत राहता. भिंतीला किंवा कोपऱ्याला लागून ठेवला की बास फुकट वाढतो. लहान ॲम्पला हे वरदान, घुमणाऱ्या खोलीत शाप. बेसच्या थेट मागे किंवा एफ छिद्रांकडे तोंड करून कधीच ठेवू नका. थोडा बाजूला, तुमच्या डाव्या हाताकडे बहुधा चांगला बसतो. उघड्यावर, गोव्यातल्या बीच शॅकसमोर किंवा लॉनवरच्या रिसेप्शनला, भिंती नसल्याने बास कमी आणि घुमणंही कमी. तिथे फिल्टर थोडा खाली आणा.

साउंडवाल्याशी आधी बोला. लग्नसमारंभांतून काम करणाऱ्या बऱ्याच साउंडवाल्यांना बेस म्हणजे बेस गिटार आणि धमधम एवढंच माहीत असतं. त्यात त्यांचा दोष नाही, डबल बेस त्यांच्यासमोर वर्षातून एखादाच येतो. नम्रपणे तीन गोष्टी सांगा: सिग्नल माझ्या प्रीॲम्पमधून येणार आहे, म्हणून तुमचा पॅसिव्ह डीआय त्याच्यानंतर लावा, आधी नको; खालचा बास वाढवू नका; आवाज गढूळ वाटला तर २००-२५० हर्ट्झ थोडे उतरवा आणि सूर ओळखू येत नसेल तर ७००-८०० च्या आसपास किंचित चढवा. प्रेक्षकांचा आवाज त्याच्या स्पीकरनी सांभाळावा, तुमच्या ॲम्पने फक्त तुमचं आणि ड्रमरचं काम करावं. ही विभागणी मान्य केली की लहान ॲम्प बहुतेक सगळीकडे पुरतो.

जनरेटरवर आणि तात्पुरत्या मंडपातल्या वायरिंगवर घरघर येते. प्रीॲम्प किंवा डीआयवरचं ग्राउंड लिफ्ट बटण वापरा. प्लगची अर्थिंगची पिन कापून किंवा टेप लावून घरघर घालवणारे लोक भेटतील. तसं कधीही करू देऊ नका. पावसात ओल्या मंचावर पोलादी तारा हातात धरून उभं राहणाऱ्याच्या जिवाशी तो खेळ आहे.

तर खरेदीचा क्रम माझ्या मते असा: ॲडजस्टर आणि तारांसह वाद्याची दुरुस्ती, मग पिकअप, मग दहा मेगाओमचा आणि हाय-पास फिल्टर असलेला प्रीॲम्प. एवढं झालं की ॲम्पशिवायही कार्यक्रम वाजवता येतो, साउंडवाल्याच्या मॉनिटरमधून स्वतःला ऐकता येतं. ॲम्पचे पैसे साठेपर्यंत मित्राचा उसना आणा. स्वतःचा घ्यायची वेळ आली की आपला बेस पाठीवर टाकून दुकानात जा, आणि ड्रमर मित्राला सोबत घ्या. त्याच्याशिवाय केलेली ॲम्पची निवड मंचावर टिकत नाही.